हेरॉन बेटावर तीन रात्री पुरतील का, आणि डायव्हिंग तिथेच शिकावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे एक गृहस्थ, वय ५६, पत्नी ५२ वर्षांच्या. लेक ब्रिस्बेनला नोकरीला आहे. डिसेंबरात दोघं तिच्याकडे दीड महिना जाणार आहेत आणि त्यातल्या तीन रात्री ग्रेट बॅरियर रीफवरच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या समुद्रातल्या प्रवाळभिंतीवरच्या, हेरॉन बेटावर काढायचं चाललंय. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ त्यांनी एकदा स्कूबा केलंय आणि ते फार आवडलंय. पत्नीला पोहता येत नाही. ते विचारतात: तीन रात्री पुरतील का? डायव्हिंगचा कोर्स तिथेच करून टाकावा का? बायको तिथे कंटाळेल का? शार्कचं काय? आणि प्रवाळ मरत चाललेत असं रोज वाचतो, मग आता तिथे जाण्यात अर्थ उरलाय का?

मी मूळची देवगडची. डायव्हिंग तारकर्लीला शिकले, पुढे अंदमानात आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात शिकवलं. हेरॉनवर कामासाठी राहिले आहे आणि नुसतीच सुट्टी म्हणूनही. आधी सरळ उत्तरं देते. तीन रात्री कमी आहेत, पाच करा. कोर्स तिथे करू नका, करायचाच तर भारतातून करून जा. वहिनी अजिबात कंटाळणार नाहीत. आणि लेकीच्या सुट्टीत बसत असेल तर डिसेंबर सोडून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जा. आता कारणं.

हेरॉन हे खडकाचं बेट नाही, ज्वालामुखीचंही नाही. रीफच्या माथ्यावर लाटांनी प्रवाळाचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा आणि सूक्ष्म जीवांची कवचं आणून टाकली, त्याचा ढीग झाला, पक्ष्यांनी त्यावर बिया आणि खत टाकलं, आणि बेट तयार झालं. लांबी सुमारे ८०० मीटर, रुंदी जास्तीत जास्त ३०० मीटर. रमतगमत चाललात तरी अर्ध्या-पाऊण तासात प्रदक्षिणा पूर्ण होते. मकरवृत्त जवळजवळ अंगावरूनच जातं, म्हणून या बेटांच्या समूहाचं नावच कॅप्रिकॉर्न. ग्लॅडस्टन बंदरापासून ते सुमारे ८० किलोमीटरवर आहे, फेरीबोटीला दोन तास लागतात. आग्नेयेचा वारा चढला असेल तर ते दोन तास पोटाची परीक्षा घेतात, तेव्हा उलटीची गोळी बोटीत बसण्याआधी घ्या. मळमळायला लागल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग नसतो.

क्वीन्सलँडच्या उत्तरेकडच्या केर्न्स शहराहून होणाऱ्या सहलींपेक्षा हेरॉन वेगळं का, ते इथेच कळतं. केर्न्सला तुम्ही मुक्काम शहरात करता, रोज सकाळी बोटीने दीड-दोन तास बाहेरच्या रीफवर जाता, चार-पाच तास मिळतात, परत येता. हेरॉनला खोलीतून बाहेर पडलात की वाळू, आणि वाळू संपली की रीफ. बेट एवढंसं असलं तरी भोवतालचा रीफ सुमारे दहा किलोमीटर लांब पसरलाय. तुम्ही रीफवरच राहता. पण त्यामुळेच इथला दिवस तुमच्या घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. तीन रात्री कमी म्हणते ते म्हणूनच.

तुम्ही कोकणात कुणा मच्छीमाराशी बोलला असाल तर उधाण आणि भांग हे शब्द ऐकले असतील. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, चढउतार कमी. हेरॉनवर याचा अर्थ असा: उधाणाच्या ओहोटीला बेटाभोवतालच्या रीफच्या सपाट भागावर पाणी घोट्याइतकं किंवा गुडघ्याइतकं राहतं आणि त्यातून चालत जाता येतं. भरतीला त्याच जागेवर डोक्याइतकं पाणी असतं आणि स्नॉर्केल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, लावून तरंगता येतं. मादी कासवंही रात्री भरतीच्या पाण्यावरच वर येतात, कारण ओहोटीला त्या जड देहाला रीफ ओलांडणं फार कष्टाचं होतं. तेव्हा आरक्षण करण्याआधी त्या आठवड्याचं ग्लॅडस्टन किंवा हेरॉनचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडा. दिवसाउजेडी एक चांगली ओहोटी आणि संध्याकाळनंतर झोपायच्या आत एक भरती, असे दिवस शोधा. पाच रात्री असतील तर वेळा रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकत जाऊन सगळं एकदा तरी जमून येतं. तीन रात्रींत येण्याचा आणि जाण्याचा दिवस वजा केला की हातात दोन दिवस, आणि त्यातला एक वाऱ्याने खाल्ला तर विचारायलाच नको.

महिन्याचं बोलू. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, त्यामुळे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. हिरवी कासवं नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात, थोडी लॉगरहेडही येतात. डिसेंबर-जानेवारीत हा हंगाम भरात असतो. पिल्लं साधारण जानेवारीच्या मध्यापासून बाहेर यायला लागतात. म्हणजे जानेवारीअखेरीस एकाच मुक्कामात अंडी घालणारी आईही दिसते आणि समुद्राकडे धावणारी पिल्लंही. डिसेंबरात तुम्हाला यातली फक्त पहिली गोष्ट मिळेल. शिवाय डिसेंबरच्या मध्यापासून क्वीन्सलँडच्या शाळांना सुट्ट्या असतात, दर चढतात, खोल्या मिळत नाहीत. जानेवारी संपता संपता शाळा उघडतात. वादळांचा हंगाम मात्र दोन्ही महिन्यांत आहे, तेव्हा परतीच्या मुंबईच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावरून निघण्याचा बेत करू नका.

केवळ डायव्हिंगसाठी जाणाऱ्याला मी हिवाळा सांगते. जून ते ऑगस्टमध्ये पाणी २१-२२ अंशांवर उतरतं, जाड वेटसूट लागतो, पण पाणी अतिशय स्वच्छ असतं, मांटा रे हे पंखांसारखे पसरलेले मोठे चपटे मासे जास्त दिसतात आणि अंटार्क्टिकाकडून वर आलेले हंपबॅक देवमासे रीफजवळून जातात. बोटीवर बसून त्यांचा फवारा पाहणं वेगळं, आणि पाण्याखाली असताना दुरून त्यांचं गाणं ऐकू येणं वेगळं. ते नुसतं कानांनी ऐकू येत नाही, छातीतही जाणवतं. पण तुम्ही दोघं जाताय, एकालाच डायव्हिंग करायचंय, तेव्हा तुमच्यासाठी उन्हाळाच बरोबर आहे.

वहिनींची काळजी सोडा असं मी म्हणाले, कारण पोहता न येणाऱ्या माणसाला एवढं दाखवणारी दुसरी जागा मला माहीत नाही. ओहोटीला मार्गदर्शकाबरोबर रीफवर चालायला न्या. पायात जाड तळव्याचे जुने बूट, हातात काठी आणि तळाला काच लावलेलं नळकांडं. ते पाण्यावर टेकवलं की खालचं सगळं स्वच्छ दिसतं. वाळूच्या पट्ट्यांवरूनच चालायचं, प्रवाळावर पाय द्यायचा नाही. समुद्रकाकड्या, तारामासे, निळ्या-जांभळ्या ओठांच्या मोठ्या शिंपा, आणि नशीब असेल तर एपॉलेट शार्क. हातभर लांबीचा, ठिपक्यांचा हा मासा उथळ पाण्यात परांवर चालल्यासारखा सरकतो. ओहोटीला डबक्यांत अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू रात्री फार कमी होतो, तो सोसण्याची ताकद त्याच्यात आहे. एकच नियम कडक पाळा: कोणताही शंख उचलायचा नाही. कोन जातीच्या सुंदर शंखातला प्राणी विषारी दात मारतो आणि काही जातींचा दंश माणसाला मारू शकतो.

धक्क्यावर नुसतं उभं राहिलात तरी खाली शॉव्हेलनोज रे आणि काळ्या टोकाच्या पंखांचे रीफ शार्क फिरताना दिसतात. तिथेच शेजारी एक गंजलेला सांगाडा आहे, तो मुद्दाम बघा. १८८४ साली साउथ ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीसाठी बांधलेली 'प्रोटेक्टर' ही युद्धनौका. दुसऱ्या महायुद्धात टक्कर होऊन निकामी झाली आणि पुढे तिचा सांगाडा इथे लाटा अडवायला आणून ठेवला. आता त्याच्या सावलीत माशांची वस्ती आहे.

कासवांबद्दल थोडं जास्त लिहिते. तुम्ही वेळासचा कासव महोत्सव पाहिला असेल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या गावात सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून काम उभं केलं. तिथे अंडी गोळा करून कुंपणाच्या आत पुरतात, कारण कोल्हे, कुत्री आणि माणसं यांच्यापासून ती वाचवायची असतात. पिल्लं बाहेर आली की ठरल्या वेळी सोडतात आणि शंभर माणसं दोरीमागे उभी राहून पाहतात. हेरॉनवर यातलं काही नाही. बेटावर कोल्हा-कुत्रा नाही, म्हणून घरटी जिथल्या तिथे राहतात. रात्री वाळूवर बसून राहायचं, दिवा बंद, बोलणं बंद. वेळासच्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या मानाने हिरवं कासव प्रचंड असतं, शंभर किलोंच्या वरचं. अंधारात तिचा उसासा आधी ऐकू येतो, मग आकार दिसतो. ती वर येत असताना हललात किंवा टॉर्च लावलात तर ती अंडी न घालता मागे फिरते आणि दुसऱ्याच कुणाच्या चुकीमुळे तासभर थांबलेल्या सगळ्यांची रात्र जाते. तिने खड्डा पूर्ण केला आणि अंडी पडायला लागली की मगच मागच्या बाजूने, वाकून, हळू जवळ जायचं. एका वेळी शंभराच्या आसपास अंडी असतात.

याच बेटावर १९२० च्या दशकात कासवांच्या सूपचा कारखाना होता. माद्या अंडी घालायला आल्या की उलट्या करून ठेवायच्या आणि डबाबंद करायच्या. १९३२ पासून तिथे पर्यटक यायला लागले. आज ज्या वाळूवर तुम्ही श्वास रोखून बसाल तिथेच हे चालत होतं, हे मला दर वेळी आठवतं.

घरट्यातल्या वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी ते ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त निघतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर रीफच्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या लहान कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या आढळल्या. दक्षिणेकडच्या, म्हणजे हेरॉनच्या बाजूच्या कासवांत हे प्रमाण ६५ ते ७० टक्क्यांच्या घरात होतं. म्हणून या थंड दक्षिण किनाऱ्यांचं मोल फार आहे.

पक्ष्यांचं आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिल्या रात्री तुम्ही स्वागतकक्षात तक्रार घेऊन जाल. उन्हाळ्यात बेटावर हजारो काळे नॉडी घरटी करतात. बेटाच्या मध्यभागी पिसोनियाचं जंगल आहे. हे झाड आपल्या गुलबक्षी आणि बोगनवेलीच्या कुळातलं. नॉडी त्याचीच पानं विष्ठेने चिकटवून फांदीवर घरटं करतात. त्याच झाडाच्या चिकट बिया अंगभर लागल्या तर पक्षी उडू शकत नाही आणि मरतो. त्याच्या देहाचं खत त्याच झाडांना मिळतं. पाहवत नाही, पण सोडवायला धावू नका, आधी तिथल्या माणसांना विचारा. जमिनीखाली शिअरवॉटर पक्ष्यांची बिळं असतात. संध्याकाळी ते समुद्रावरून येतात, धपकन आपटल्यासारखे उतरतात आणि रात्रभर लहान मूल रडावं तसे ओरडतात. कानात घालायचे बोळे आणि डोक्यावर टोपी, दोन्ही न्या. वासही असतो. दुसऱ्या दिवसापासून तो जाणवत नाही. आणि या बिळांमुळेच वाटेवरून खाली उतरायचं नाही, पाय पडला तर बीळ ढासळतं.

आता डायव्हिंग. मालवणचा तुमचा अनुभव कमी लेखत नाही, मी स्वतः त्याच पाण्यातून वर आले आहे. पण त्या वेळी तुम्ही पाण्याखाली गेलात, डायव्हिंग तुमच्या प्रशिक्षकाने केलं. तुमच्या जॅकेटमधली हवा त्याने भरली आणि सोडली, खोली त्याने राखली, तुम्हाला त्याने धरलं होतं. तुम्ही श्वास घेतला आणि मासे पाहिले. ते सुंदरच असतं. पण ते शिक्षण नव्हे.

ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंग शिकण्याच्या पहिल्या कोर्सला तीन-चार दिवस लागतात: थिअरी, तलावासारख्या शांत पाण्यातला सराव आणि मग समुद्रातले चार डायव्ह. हा कोर्स हेरॉनवर करायचा म्हणजे ज्या बेटावर प्रत्येक ओहोटी मोलाची आहे तिथे तुम्ही मास्कमधलं पाणी काढायचा सराव करत बसणार. तो सराव तलावातही तेवढाच होतो. अंदमानात स्वराज द्वीपला करा, मुर्डेश्वरजवळ नेत्राणीला करा, किंवा तारकर्लीच्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या प्रशिक्षण केंद्रात चौकशी करा. आपल्या बाजूला नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी बरं असतं. मालवणच्या गढूळ पाण्यात पाच-सात मीटरवरचं दिसेनासं होतं, त्यामुळे तिथे शिकलेला माणूस सोबत्यावर नजर ठेवायला आपोआप शिकतो. तो हेरॉनच्या वीस मीटर दिसणाऱ्या पाण्यात उतरला की त्याला खोली उघडल्यासारखी वाटते. उलट दिशेने मात्र जड जातं.

वेळेअभावी कोर्स झाला नाही, तर हेरॉनवर स्नॉर्केलिंग करा आणि जमलं तर प्रशिक्षकाबरोबर एखादा अनुभव-डायव्ह. त्यात कमीपणा काही नाही. शार्क बेच्या बाजूला भरतीला गुडघाभर पाण्यात उभं राहून मी जे पाहिलंय ते काही नावाजलेल्या डायव्ह साइट्सवर दिसलं नाही.

"फक्त सहा मीटर तर जायचंय" हे वाक्य मी फार ऐकते, म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या. पृष्ठभागावर हवेचा दाब एक पट असतो, दहा मीटरवर दोन पट, वीसवर तीन पट. म्हणजे प्रमाणात पाहिलं तर दाबात सर्वांत मोठा बदल पहिल्या दहा मीटरमध्येच होतो, तिथेच तो दुप्पट होतो. सहा मीटरवर छाती भरून श्वास घेतला, तो रोखला आणि घाबरून वर आलात, तर फुफ्फुसातली हवा दीडपटीहून जास्त फुगते. फुफ्फुस फाटायला याहून कमी खोलीही पुरते. म्हणून पहिला नियम खोलीचा नसून श्वासाचा आहे: सिलिंडरमधून श्वास घेताना श्वास कधीही रोखायचा नाही. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, एका काकांना घाईघाईत हे न सांगताच पाण्यात उतरवलेलं मी पाहिलंय. ते वर आले ते खोकत, आणि पुढची दोन तास मी त्यांच्या शेजारून हलले नाही. त्यांना काही झालं नाही, पण तेव्हापासून मी कुणालाही हे वाक्य स्वतः तोंडाने म्हणून दाखवायला लावते. तुम्हीही प्रशिक्षकाने सांगितलं नाही तर विचारा. विचारल्यावर चिडणाऱ्याबरोबर पाण्यात जाऊ नका.

कानाचंही तेच. नाक दाबून हलकी फुंकर मारायची ती दुखायला लागल्यावर नाही, पाण्याखाली जाताच, आणि दर मीटरभराने. सर्दी असेल तर त्या दिवशी डायव्ह नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन जाऊ नका, तिचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना कानातली हवा अडकते.

आणि ज्यावर मी विद्यार्थ्यांचा जीव खाते ती गोष्ट, बॉयन्सी. पाण्यात ना बुडायचं ना वर उचललं जायचं, श्वासाच्या लयीने जागच्या जागी तरंगायचं. ज्याला हे येत नाही तो हाताने वल्हवतो, गुडघ्यांवर टेकतो, पायातल्या फिनने मागची प्रवाळाची फांदी मोडतो. शाखाप्रवाळ वर्षाला काही सेंटीमीटर वाढतात, पण गोल, दगडासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर, तेही चांगल्या परिस्थितीत. त्यांची एवढी मोठी वसाहत म्हणजे आपल्या आजोबांच्या आधीपासूनचा जीव. हेरॉन बॉमीसारखी साइट म्हणजे १५ ते १८ मीटर तळावरून उठलेले असे प्रवाळाचे बुरूज. तिथे सफाई करणारे छोटे मासे मोठ्या माशांच्या तोंडात शिरून परजीवी खातात, आणि मांटाही कधी कधी स्वच्छ व्हायला येतात. तुम्ही स्थिर तरंगलात तर ते तुमच्यासमोर हे सगळं चालू ठेवतात. हातपाय मारलेत तर सगळे निघून जातात. त्यामुळे कोर्समध्ये पास झालात तरी प्रशिक्षकाला सांगा, मला तरंगण्याचा आणखी एक तास द्या.

वयाबद्दल स्पष्ट बोलते. ५६ हे डायव्हिंगला अजिबात जास्त वय नाही. पण डायव्हिंगच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये ४५ वर्षांपुढच्या माणसाला मुद्दाम वेगळे प्रश्न आहेत: धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, घरात कमी वयातला हृदयविकार. यांतल्या एकाचंही उत्तर हो आलं तर डॉक्टरांची सही लागते. "नाही" लिहून मोकळे होणारे खूप पाहिलेत. तसं करू नका. पाण्यात उतरताच हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदयावर भार वाढतो. त्यात थंडी, वेटसूटचा आवळ आणि थोडी भीती. रीफवर पर्यटक दगावतात तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा शार्क नसतो, हृदय असतं, आणि ते बरेचदा डायव्हिंगमध्ये नव्हे, स्नॉर्केलिंगमध्ये होतं. म्हणूनच क्वीन्सलँडमध्ये वयस्क किंवा आजार असलेल्या स्नॉर्केलरला वेगळ्या रंगाची खूण आणि तरंगायचं साधन देतात आणि जोडीनेच पाण्यात सोडतात. तुम्हाला तसं जॅकेट दिलं तर मनाला लावून घेऊ नका. निघण्याच्या महिनाभर आधी फिजिशियनकडे जाऊन स्ट्रेस टेस्टबद्दल विचारा, चालू गोळ्या बंद करू नका आणि बेटावर त्या खऱ्या सांगा. गंभीर काही झालं तर तिथून मुख्य भूमीवर हलवावं लागतं, आणि त्यात वेळ जातो. विमा घेताना त्यात डायव्हिंग आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय का ते शब्दशः वाचा.

वहिनींनी निघेपर्यंत पुण्यातल्या एखाद्या तलावात फक्त पाठीवर तरंगायला शिकावं. पोहायला नको, तरंगायला. तेवढं आलं की लाइफ जॅकेट घालून, लेकीचा हात धरून, शांत भरतीला त्यांना स्नॉर्केल लावता येईल.

शार्कचं उत्तर वर आलंच आहे. रीफ शार्क तुम्हाला पाहून बाजूला होतात. त्यांना खायला घालायचं नाही, वाट अडवायची नाही. खरी इजा करतात ते ऊन, चुकून पाय पडलेला, दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश, आणि प्रवाळाचे ओरखडे, जे पटकन चिघळतात.

प्रवाळांचं मात्र थोडं थांबून सांगायला हवं. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. रंगही बऱ्याच अंशी त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दुसरा अंश जास्त तापून तसंच काही आठवडे राहिलं की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं. उरतं ते पांढरं. याला विरंजन म्हणतात. पांढरं प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर ते सावरतं, नाही निवलं तर मरतं आणि त्यावर शेवाळ चढतं. ग्रेट बॅरियर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं. आधीच्या बऱ्याच वेळी दक्षिण भाग वाचला होता, २०२४ ला वाचला नाही. हेरॉनच्या शेजारी वन ट्री नावाचं बेट आहे. तिथे संशोधकांनी ४६२ वसाहतींवर नजर ठेवली. एप्रिलपर्यंत त्यातल्या ८० टक्के विरंजित झाल्या, आणि जुलैपर्यंत विरंजित झालेल्यांपैकी ४४ टक्के मेल्या.

मग जाण्यात अर्थ आहे का? मला वाटतं आहे, फक्त जुन्या छायाचित्रांतलं दृश्य मनात धरून जाऊ नका. एकाच डायव्हमध्ये तुम्हाला शेवाळ चढलेले मृत झुपके दिसतील, शेजारीच ठणठणीत गोल प्रवाळ दिसेल, आणि मेलेल्या फांदीवर नखाएवढी नवी वसाहत बसलेली दिसेल. ती नवी वसाहत शोधायला शिका. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, कितीतरी जातींचे प्रवाळ एकाच वेळी बीजं सोडतात आणि पाण्यात खालून वर गुलाबी कण तरंगत जातात. त्यातल्याच एखाद्याने ती जागा धरलेली असते. बेटावर क्वीन्सलँड विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. जेव्हा भेट घडवतात तेव्हा जा आणि तिथल्या लोकांना मनातले सगळे प्रश्न विचारा. त्यांच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

सामानाचं थोडक्यात. लेकीसाठी नेलेला चिवडा, लाडू, मेतकूट, लोणचं जे काही असेल ते विमानतळावरच्या कार्डावर जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर टाकून देतात, लपवलेल्याला जबर दंड आहे. रीफवर चालायच्या बुटांना माती राहू देऊ नका. चष्मा असेल तर नंबरच्या काचेचा मास्क करून घ्या. तुमच्या वयात पाण्याखाली सिलिंडरचा काटा वाचता न येणं हा छोटा प्रश्न नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट न्या, म्हणजे सनस्क्रीन कमी लागेल. शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच कळवा. बेटावर बाजार नाही.

शेवटचा दिवस कोरडा ठेवा. अनेक दिवस डायव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यायचे, मी २४ सांगते. बेटावरून हेलिकॉप्टर किंवा सी-प्लेनने निघणार असाल तरी हाच हिशेब, आणि पुढे ग्लॅडस्टन ते ब्रिस्बेन विमान असेल तर नक्कीच. शेवटचा डायव्ह आदल्या दिवशी सकाळी संपवा. त्या दिवशी दुपारी ओहोटी असेल तर वहिनींना घेऊन पुन्हा एकदा रीफवर जा. पहिल्या दिवशी जिथे नुसतं पाणी आणि दगड दिसले होते तिथे पाचव्या दिवशी काय काय दिसतं, ते मला जरूर कळवा.